नाकातली लस येईस्तोवर सुई थांबवू का?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा वीस महिन्यांचा. दिवाळीपासून दर दोन-तीन आठवड्यांनी त्याला सर्दी-खोकला होतो. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि चार दिवस भरती ठेवावं लागलं. घरात ६२ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना जुना दमा आहे. स्वयंपाक चुलीवर, जळण पऱ्हाट्यांचं. पुण्याच्या नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगितलं होतं की नाकातून दिलेली लस फुप्फुसातली उपजत शक्ती जागी करते, मग कोणताच विषाणू टिकत नाही, आणि सुईची लस रक्तातच राहते, नाकापर्यंत पोचत नाही. ते ऐकून या ताईंनी बाळाच्या सोळाव्या महिन्यानंतरच्या लशी थांबवल्या. कापसाच्या पैशांतून पाच हजार बाजूला ठेवले आहेत, नागपूरला जाऊन बाळाला आणि सासूबाईंना नाकातली लस घ्यायची म्हणून. यजमानांचं म्हणणं वेगळंच: "मातीत खेळलं तं पोट्टं आपोआपच कडक होते, लस-बिस काही लागत नाही." ताई विचारतात, नाकातली लस कुठे मिळेल? ती मिळेस्तोवर सुई थांबवली तर चालेल ना?

ताई,

आधी एक काम करा. बाळाचं लसीकरण कार्ड काढून समोर ठेवा. त्यात १६ ते २४ महिन्यांची ओळ आहे: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओच्या थेंबांचा बूस्टर. तुमच्या पत्रावरून हे तिन्ही राहिलेत. ते थांबवू नका. नणंदबाईंच्या व्हिडिओतलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच नुसतं "अफवा आहे" म्हणून मी तो बाजूला सारणार नाही. त्यातलं खरं किती आणि पुढचं ओढून-ताणून आणलेलं किती, ते नीट पाहू.

तुमच्याकडे हरभरा, तूर उभी असली की रात्री जागल असतेच. मचाणावर बसलेल्या जागल्याला रानडुक्कर आलं की रोही आला, हे अंधारात ओळखावं लागत नाही. खसफस झाली की तो डबा बडवतो, बॅटरी मारतो, आरोळी ठोकतो. आपल्या शरीरातही असे जागले आहेत. नाकाच्या, घशाच्या, श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरात आणि फुप्फुसाच्या वायुकोशांत बसलेल्या या पेशींना मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी म्हणतात. कोणताही परका जंतू दिसला की त्या तुटून पडतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती. दुसरी फौज वेगळी आहे. ती एकेका जंतूचा चेहरा लक्षात ठेवते, त्याच्यापुरतीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवते आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. तिला तयार व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. लशी मुख्यतः या दुसऱ्या फौजेसाठी असतात, असंच आम्ही कॉलेजात शिकलो.

जागल्याला स्मरणशक्ती नसते, असंही आम्हाला शिकवलं होतं. ते पुरतं खरं निघालं नाही. एकदा डुकरांचा कळप शिरून गेला की पुढचे काही आठवडे जागल्याचा डोळा लागत नाही. शेकोटी पेटलेली असते, काठी हाताशी असते. मग चोर आला तरी तो तयारच सापडतो. शरीरातही असं घडतं. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ मिहाई नेतेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याला "प्रशिक्षित प्रतिकारशक्ती" असं नाव दिलं. पेशीतली जनुकं बदलत नाहीत. फरक इतकाच की पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं लुगडं एकदा वापरून झाल्यावर वरच्या दोरीवर राहतं, पुन्हा काढायला वेळ लागत नाही. लढाईत लागणारी जनुकं तशी उलगडलेली, हाताशी राहतात.

आता नाकातल्या लशीचा मुद्दा. रक्तातल्या अशा पेशी काही दिवसच जगतात. त्यांची तालीम टिकायची तर ती हाडाच्या मगजात, जिथे त्या जन्मतात तिथे पोचावी लागते. वायुकोशातले मॅक्रोफेज मात्र तिथेच राहतात, तिथेच वाढतात. त्यांना शिकवायचं तर धडा त्यांच्या दारात न्यावा लागतो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये उंदरांत हे दाखवलं. श्वसनमार्गात ॲडिनोव्हायरस नावाचा एक साधा विषाणू गेल्यावर फुप्फुसातले मॅक्रोफेज असे तयार झाले की पुढे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या वेगळ्याच जिवाणूशीही ते चांगले लढले. विषाणूने शिकवलं आणि जिवाणूशी लढाई जमली! याच गटाने क्षयाची एक प्रायोगिक लस वाफाऱ्यासारखी श्वासातून दिली, तेव्हा माणसांच्या फुप्फुसातल्या पेशींतही तालमीच्या खुणा दिसल्या. सुईने दंडात दिल्यावर त्या तशा दिसल्या नाहीत. व्हिडिओवाल्यांनी बहुधा इथूनच सूत उचललं असावं, आणि हे सूत खरं आहे.

नाका-तोंडाच्या ओल्या अस्तरावर दिली जाणारी लस तुमच्या घराला नवीन नाही. अशीच एक लस तुमच्या बाळाने घेतली आहे. जन्मल्यावर आणि मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना त्याच्या जिभेवर पडलेले पोलिओचे ते गुलाबी दोन थेंब आठवतात? भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, त्यात या थेंबांचा वाटा मोठा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सोव्हिएत संघात मरीना वोरोशिलोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर हे थेंब घेतलेल्यांत फ्लूही कमी होतो असं नोंदवलं होतं. आणि ज्या ओळीवर तुम्ही फुली मारलीत, त्यातच या थेंबांचा बूस्टर आहे. अस्तरावरची लस शोधायला तुम्ही नागपूरला निघालात, ती उपकेंद्रात फुकट थांबली आहे! या थेंबांनी बाळाचा खोकला थांबेल असं मी म्हणत नाही. पण त्यांना पाठ फिरवून तुम्ही काय सोडताय, तेवढं दिसावं.

बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजी या क्षयाच्या लशीचा वणही पाहा. ही लस १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिली गेली, तीही तोंडातून. आता ती कातडीत देतात. जन्मजात शक्तीला तालीम देणारी म्हणून सर्वांत जास्त अभ्यास तिचाच झाला आहे. आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत कमी वजनाच्या बाळांना ती जन्मल्याबरोबर दिली, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. हे ऐकून कोणालाही हुरूप येईल, मलाही आला होता. पण आपल्याच देशात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना बीसीजीचा रशियन वाण देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि मृत्यूंत फरक दिसला नाही. कोविडच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांवर मोठा प्रयोग झाला. तिथेही बीसीजीने कोविड टळला नाही. ग्रीसमध्ये मात्र दवाखान्यातून घरी जाणाऱ्या वृद्धांत, ज्यांना बीसीजी दिली त्यांना पुढे श्वसनाचे संसर्ग कमी झाले. एकीकडे गुण येतो, दुसरीकडे येत नाही. वाण, वय, हवामान, आधी अंगातून गेलेले जंतू, सगळ्याचा फरक पडतो. उंदराच्या फुप्फुसात जमलेली गोष्ट वीस महिन्यांच्या लेकरात तशीच जमेल, असं आज कोणी छातीठोक सांगत असेल तर तो घाई करतोय.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत नसते. जागल्या फार बिथरला तर आपल्याच गाईला दगड मारतो. श्वसनमार्गात सूज आणि घरघर होते ती पुष्कळदा जन्मजात फौजेच्या अतिउत्साहाने. म्हणून श्वासातून द्यायच्या लशीची तपासणी जास्त काळजीने होते, आणि तिला वेळ लागतोय ते बरोबरच आहे.

मग आज हातात काय आहे? कोविडची नाकातली लस भारत बायोटेकने बनवली. जानेवारी २०२३ मध्ये ती आली, खासगी दवाखान्यांसाठी किंमत ८०० रुपये होती. पण ती १८ वर्षांवरच्यांसाठी, तीही कोविडसाठी. सर्दी-खोकल्यासाठी नव्हे. फ्लूची नाकात फवारायची लस अमेरिकेत २००३ पासून आहे, आणि स्वाइन फ्लूनंतर २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तशी लस काढली. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. अमेरिकेत ती २ ते ४९ वर्षांपर्यंतच देतात, आणि पाच वर्षांखालच्या ज्या मुलांना वारंवार घरघर होते त्यांना देत नाहीत. म्हणजे तुमचं बाळ वयात बसत नाही आणि सासूबाई तर कधीच पुढे गेल्या. ज्या दोघांसाठी तुम्ही पैसे बांधले, त्या दोघांनाही नागपूरहून रिकाम्या हाताने परत यावं लागलं असतं.

स्पेनमध्ये जिभेखाली फवारायची, मेलेल्या जिवाणूंची एक लस आहे. वारंवार घरघर होणाऱ्या तीन वर्षांखालच्या १२० मुलांवर तिचा प्रयोग झाला. सहा महिने रोज फवारा दिला. नुसता खोटा फवारा दिलेल्या मुलांना जिथे घरघरीचे पाच झटके आले, तिथे लस दिलेल्यांना तीन आले. मला ही दिशा सर्वांत आशेची वाटते, कारण ती नेमकी तुमच्या बाळासारख्या मुलांसाठी आहे. पण पाचाचे तीन झाले, शून्य नाही. आणि ती आपल्या लसीकरण कार्यक्रमात नाही.

यावरून एक विनंती. "नाकातून गेलं की शक्ती येते" म्हणून कोणी बाळाच्या नाकात तेल-तुपाचे थेंब टाकायला सांगेल, तर ऐकू नका. आपल्याकडे आज्या अजूनही टाकतात. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, तिथून निघत नाही आणि त्याचाच न्यूमोनिया होतो. मी वॉर्डात अशी बाळं पाहिली आहेत. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, तेवढे पुरे.

आता तुमच्या मनातला मुख्य समज: सुईची लस नाकापर्यंत पोचत नाही. अर्धं खरं. नाकाच्या अस्तरावर आयजीए नावाची प्रतिपिंडं लागतात, ती दंडातल्या सुईने कमीच तयार होतात. पण रक्तातली प्रतिपिंडं फुप्फुसात खोलवर झिरपतात, आणि बाळ दगावतं ते तिथल्या आजाराने, वाहत्या नाकाने नाही. न्यूमोकोकसची सुई, पीसीव्ही, तर लेकरांच्या नाका-घशात दडून बसणारे त्या लशीतल्या प्रकारचे जंतूही कमी करते. कार्डावर ती तीनदा लिहिलेली असायला हवी: दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. एखादी राहिली असेल तर नर्सताईंना दाखवा.

गोवराचं तर मी जरा जोरातच सांगणार आहे. गोवर येतो तेव्हा पुरळ आणि ताप एवढंच देऊन जात नाही. शरीराने आधी कमावलेली आठवण पुसून जातो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास झाला. गोवरानंतर त्यांची इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. ज्या प्रतिकारशक्तीसाठी तुम्ही जिवाचं रान करताय, ती एका आजारात जाऊ शकते. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली होती, आणि सोयाबीन-कापसाच्या कामाला माणसं कुठून कुठे जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दुसरा डोस राहिला आहे तो याचाच.

सर्दी आहे म्हणून तुम्ही दोनदा लसीकरणाच्या सत्रावरून परत आलात, असंही लिहिलंय. साधी सर्दी, खोकला, बारीक ताप यासाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. बाळाला जोराचा ताप किंवा धाप असेल तर गोष्ट वेगळी.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं अगदीच वाया गेलेलं नाही. अमेरिकेत आमिश नावाचे लोक गाईगुरांसोबत जुन्या पद्धतीने शेती करतात. त्यांच्याच रक्ताच्या, पण यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट लोकांच्या मुलांपेक्षा आमिश मुलांत दमा बराच कमी आढळला. घरातल्या धुळीतून त्यांच्या जन्मजात शक्तीला वळण मिळतं, असं २०१६ चा तो अभ्यास सांगतो. पण तो दम्याबद्दल आहे, न्यूमोनियाबद्दल नाही. मातीने गोवर थांबत नाही, डांग्या खोकला थांबत नाही. अंगणात, गोठ्यात बाळाला खुशाल खेळू द्या. मळणीयंत्राच्या भुसकटापासून आणि सरकी-कापसाच्या साठ्यापासून मात्र दूर ठेवा.

आणि चूल. पऱ्हाटीचा धूर श्वासनलिकेतले केसांसारखे बारीक तंतू आणि फुप्फुसातले जागले, दोघांनाही दुबळं करतो. घरातल्या धुरात राहणाऱ्या मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी सिलिंडर आला की न्यूमोनिया गेला, इतकं ते सोपं नाही. भारतासह चार देशांत, आपल्याकडे तामिळनाडूत, गॅस देऊन पाहिला, तेव्हा तान्ह्यांचा गंभीर न्यूमोनिया त्याने कमी झाला नाही. गॅस भरायला दर वेळी पैसे नसतात, हे मला कळतं. पण त्या पाच हजारांतून एक-दोन सिलिंडर भरून सकाळ-संध्याकाळचा पहिला स्वयंपाक त्यावर झाला, तर निदान सासूबाईंच्या छातीला आराम पडेल. चूल पेटते तेव्हा बाळ कडेवर नको, बाहेरच्या पडवीत असू द्या. घरात कोणी बिडी ओढत असेल तर ती अंगणात.

सासूबाईंसाठी त्याच पैशातून दुसरं काम: फ्लूची सुई दरवर्षी, आणि दम्याच्या रुग्णांसाठीची न्यूमोकोकसची सुई. या प्रौढांना फुकट मिळत नाहीत, तालुक्याच्या डॉक्टरांकडे किंमत विचारून घ्या. दम्याचा पंप (इनहेलर) घ्यायचा असेल तर तो नीट ओढायला कोणाकडून तरी समोरासमोर शिकून घ्या. बऱ्याच जणींचं औषध घशातच राहतं.

तुमच्या भागासाठी एक प्रश्न, ज्याचा पत्रात उल्लेख नाही. बाळाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? विदर्भात हा आजार बराच आहे. तो असलेल्या मुलाची प्लीहा नीट काम करत नाही, आणि न्यूमोकोकससारखे जंतू त्याला फार लवकर घेरतात. न्यूमोनियाने भरती राहिलेल्या बाळाची ही तपासणी व्हायलाच हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

राहिली सततची सर्दी. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या सगळ्याच मुलांना होतात, आणि त्या बहुतेक हिवाळ्यातच गर्दी करतात. बाळात काही उणं आहे असा त्याचा अर्थ नाही. दर सर्दीला इंजेक्शन आणि अँटिबायोटिकची बाटली लागत नाही. लागते ती नजर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचं साधं यंत्र केलं. ज्या गावांत हे झालं तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही खाली आले. १९९० मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. नाकातली लस नव्हती, पीसीव्हीही नव्हती.

तुम्हालाही ते येईल. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर करा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट, अर्धं मोजून दुप्पट करू नका. त्याच्या वयाला मिनिटात ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, तुमच्याकडे ज्याला पोट उडणं म्हणतात, किंवा बाळ पीत नसेल, ग्लानीत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडाही मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

आज रात्री ते गाढ झोपलं की एकदा मोजून पाहा. तो आकडा तारीख टाकून कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहा, म्हणजे आजारपणात मोजाल तेव्हा ताडून पाहता येईल. कार्ड काढलंच आहे तर परत ट्रंकेत टाकू नका. आशाताईंना पुढच्या सत्राचा दिवस विचारा आणि तोपर्यंत ते देवळीतच राहू द्या.